वऱ्हाड सुभ्याचा राज्यकारभार आणि कास्तकाराचे खाते

या मासिकातून बी-बियाणे, खते, कीड व बाजारभाव यांविषयी वाचकांस नेहमी वाचावयास मिळते. आजचा आमचा विषय त्यांहून निराळा दिसेल. तथापि तो शेताच्या बांधापासून फार दूरचा नाही. ज्या जमिनीत आपण बी टाकतो ती जमीन दप्तरी कोणाच्या नावाने व कोणत्या हक्काने लिहिली गेली, हे ठाऊक असणे पेरणीच्या ज्ञानाइतकेच आवश्यक आहे. हे ज्ञान आम्हांस कसे झाले, ते प्रथम सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही महसूल खात्यात नवे कारकून होतो व यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्यात काम करीत होतो. एके दिवशी सत्तरीचे एक कास्तकार दोन जुन्या नकला धोतराच्या सोग्यात बांधून आले. एक नक्कल त्यांच्या वडिलांच्या शेताची होती आणि दुसरी शेजारच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या व्याह्यांची. दोन्ही शेतांच्या मध्ये एक नाला काय तो आडवा. ते म्हणाले, “बाबूसाहेब, व्याह्याच्या बापापुढं खातेदार लिहिलं आहे, अन् माह्या बापापुढं कूळ. दोघंही सारखेच राबले. मंग असं काहून?” भाऊबंदकीत तंटा चालला होता आणि ‘तुझा बाप तर दुसऱ्याच्या शेतावर राबणारा होता’ असे भर पंचांत त्यांस ऐकविले गेले होते. आम्ही कागद उलटसुलट पाहिले व म्हणालो, “बाबाजी, दप्तरात तसे आहे म्हणून तसे.” म्हातारबाबांनी नकला पुन्हा सोग्यात बांधल्या आणि ते काही न बोलता निघून गेले.

त्या उत्तराची लाज आम्हांस पुष्कळ वर्षे वाटत राहिली. पुढे सवड मिळेल तशी जुनी गॅझेटियरे व जमाबंदीचे अहवाल वाचीत गेलो, तेव्हा असे दिसले की त्या दोन शब्दांचे उत्तर एका पिढीत सापडणारे नाही. त्यासाठी वऱ्हाड प्रांताच्या साडेतीनशे वर्षांच्या कारभारातून जावे लागते. तोच प्रवास थोडक्यात येथे मांडीत आहो.

१. सुभा कसा झाला

वऱ्हाडचे तीन स्वाभाविक भाग आहेत. उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांचा मेळघाट, मध्ये पूर्णा नदीच्या काळ्या जमिनीचा पायनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट. बहामनी राज्यात वऱ्हाड ही चार तरफांपैकी एक होती. ते राज्य मोडल्यावर १४९० मध्ये येथे इमादशाही उभी राहिली व एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही तिची राजधानी झाली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळंकृत केली. पुढे अकबराच्या फौजेने अहमदनगरास वेढा दिला, तेव्हा चांदबिबीने १५९६ मध्ये तह करून वऱ्हाड मोगलांस दिले. येणेप्रमाणे वऱ्हाड हा मोगल बादशाहीचा एक सुभा झाला, आणि अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त इतर सुभ्यांबरोबर त्याचेही वर्णन आले.

सुभ्याची रचना वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण तिचे शब्द अद्याप आपल्या तोंडी आहेत. सुभ्यावर सुभेदार, त्याच्या हाती फौज व बंदोबस्त. वसुलाचा कारभार मात्र त्याच्याकडे नसे. तो दिवाणाकडे असे, व दिवाण थेट बादशाही दिवाणास जबाबदार. एकाच्या हाती तलवार व तिजोरी दोन्ही पडू नयेत, असा यातील हेतू होता. सुभ्याखाली सरकार, सरकाराखाली परगणा आणि परगण्याखाली मौजे. परगण्यात देशमुख व देशपांडे, गावात पाटील व पांड्या. वरचे अधिकारी बदलत. हे चौघे मात्र वंशपरंपरेने आपल्या जागी असत. बादशहाचे फर्मान फारसीत निघे, परंतु कोणाच्या शेतात किती पीक आले हे ज्यास कळे तो पांड्या गावचाच असे. म्हणून राज्य कोणाचेही असो, कास्तकारास जे राज्य प्रत्यक्ष दिसे ते पाटील-पांड्याच्या चावडीचेच.

२. मोजणी व बटाई

सुभा नावाने मोगलांकडे आला, पण लगेच शांतता आली नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावेपर्यंत मोगलांशी झगडत राहिला. मक्तेदारी मोडून गावच्या पाटलांमार्फत वसूल बांधून देणारा म्हणून त्याची दख्खनमध्ये ख्याती आहे. त्याच्यामागून १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. १६३६ मध्ये शहाजहानने दख्खनचा कारभार चार सुभ्यांत बांधून औरंगजेबाच्या हाती दिला. त्या चारांत वऱ्हाड एक होते.

औरंगजेब १६५३ च्या सुमारास दुसऱ्यांदा दख्खनमध्ये आला, तेव्हा त्याच्या दिवाणांपैकी मुर्शिदकुलीखान याने केलेली व्यवस्था शेतकऱ्याने अवश्य समजून घ्यावी अशी आहे. त्याने एकच पद्धत सर्वत्र लादली नाही. जेथे नांगरागणिक ठरावीक रक्कम देण्याची जुनी चाल लोकांस सोयीची होती, तेथे ती राहू दिली. जेथे बटाई करणे इष्ट, तेथे पावसावरच्या पिकाचा निम्मा व विहिरीच्या पाण्यावरच्या पिकाचा तिसरा हिस्सा सरकारचा ठरविला. विहीर खणण्यास व मोट चालविण्यास खर्च व श्रम अधिक, म्हणून तेथे सरकारचा हिस्सा कमी. हा विचार त्यात स्पष्ट आहे. तिसरी पद्धत जमीन मोजून बिघ्यावर आकारणी करण्याची. शिवाय बैल व बी घेण्यासाठी तगाई दिली. उजाड गावी पाटील नेमून वस्ती करविली. जमीन मोजणे, पाण्याप्रमाणे प्रत ठरविणे व अडल्यास तगाई देणे, ही तीन कामे पुढील प्रत्येक चांगल्या जमाबंदीत आपणांस पुन्हा भेटतील.

३. एक शेत, दोन धनी

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर बादशाही सैल झाली. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांस मिळाल्या. त्यांत वऱ्हाड होते. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा व सरदेशमुखी म्हणजे दहावा. पाच वर्षांनी, १७२४ मध्ये, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व तो दख्खनचा जवळजवळ स्वतंत्र धनी झाला. त्यामुळे वऱ्हाडात निजामाचा अंमलदार एक व नागपूरकर भोसल्यांचा दुसरा, असा कारभार सुरू झाला. यास लोक दोअमली म्हणत. हिशेबात दोघांचे हिस्से वेगळे लिहिले जात, परंतु ते निघत एकाच खळ्यातून. दोन धन्यांचे भांडण लागले म्हणजे पीक कोणाच्या ताब्यात जाईल याची शाश्वती नसे, आणि शाश्वती नसली म्हणजे शेतकरी बांध घालीत नाही व विहीर खणीत नाही.

ही दोअमली १८०३ मध्ये संपली. त्या वर्षी इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा अडगाव येथे पराभव केला व गाविलगड घेतला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले तेवढे भोवतालच्या प्रदेशासह त्यांच्याकडे राहिले. तहात मिळालेला मुलूख इंग्रजांनी निजामास दिला, आणि १८२२ पर्यंत उरलेला भागही त्याच्याकडे गेला. धनी आता एकच झाला. तेव्हा कास्तकाराचे दिवस पालटावयास हवे होते. ते तसे पालटले नाहीत. याचे कारण पुढील कलमात आहे.

४. मक्त्याचा काळ

निजाम सरकारास पैशाची नित्य टंचाई असे. सरकारने परगण्यांचा वसूल मक्त्याने द्यावा, मक्तेदाराने सरकारास रक्कम आगाऊ मोजावी आणि मग ती व्याजासह रयतेकडून वसूल करावी, अशी रीत पडली. मक्ता किती वर्षे आपल्याकडे राहील याचा मक्तेदारास भरवसा नसे. दुसरा कोणी अधिक बोली बोलला की त्याचा मक्ता जाई. ज्याला पुढील वर्षाची खात्री नाही तो गाय दुभत नाही, तो तिचे रक्त काढतो. या मक्तेदारांत काही उद्योगी माणसेही होती. विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईस पाठविला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु पद्धतच अशी की तिच्यात गाव टिकणे कठीण. लोक घरेदारे सोडून निघून जात. पूर्वेकडील वणीच्या बाजूस कित्येक गावे निव्वळ नावापुरती उरली. गावठाणात झाडी माजली. वाचकांनी ही उजाड गावे ध्यानात ठेवावी. त्या म्हातारबाबांच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

५. सोपविलेले जिल्हे

निजामाच्या खर्चाने इंग्रज एक फौज ठेवीत. तिचे पगार थकत गेले व कर्ज वाढले. अखेर २१ मे १८५३ रोजी तह होऊन त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख व रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभारात सोपविले गेले. १८६० मध्ये नवा तह झाला. धाराशिव व रायचूर परत गेले, कर्ज माफ झाले व वऱ्हाड राहिले. यातील विशेष असा की वऱ्हाडवर मालकी निजामाची व कारभार इंग्रजांचा. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. त्याचा कारभार हैदराबादचा रेसिडेंट पाही व तेथे लागू करावयाचे कायदे स्वतंत्र हुकमाने लागू करावे लागत. काही काळ पूर्व वऱ्हाड अमरावतीस व पश्चिम वऱ्हाड अकोल्यास अशी वाटणी होती. पुढे अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम व वणी असे सहा जिल्हे झाले.

नव्या कारभाऱ्यांपुढे मोठा प्रश्न असा की सारा कोणाशी बांधावा. उत्तर हिंदुस्थानात गावच्या मालकांशी किंवा जमीनदाराशी बांधीत. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात घालून दिलेली पद्धत होती, तीत प्रत्येक शेताचा सारा ते शेत वाहणाऱ्याशी बांधीत. वादविवाद होऊन १८६१ पासून वऱ्हाडात मुंबईची पद्धत घेतली गेली. प्रत्येक शेतास नंबर पडला, हद्दीस निशाणे लागली, मातीची खोली व प्रत पाहून आण्यांत प्रतवारी झाली, तीस वर्षांकरिता सारा ठरला आणि शेत वाहणाऱ्याचे नाव खातेदार म्हणून दप्तरी चढले. देशमुख-देशपांड्यांचे वसुलाचे काम संपले. सरकारी खजिना व शेतकरी यांच्यामध्ये जो तिसरा असे, तो खालसा गावांतून दूर झाला. व्याह्यांच्या वडिलांच्या नावापुढे ‘खातेदार’ हा शब्द आला तो असा.

या पद्धतीचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. खाते विकता व गहाण टाकता येऊ लागले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले, १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाडातून नागपुरास पोहोचली, १८७० मध्ये खामगावची व पुढल्या वर्षी अमरावतीची शाखा निघाली. जमिनीस मोल आले, तसा सावकारही जवळ आला. जी जमीन मक्तेदारास घेता येत नव्हती ती सावकारास घेता येऊ लागली. बाजारातही फसवणूक होत असे; म्हणून कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ मध्ये सरकारी नियमाखाली आणला गेला व १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ येथे आहे.

६. खालसा गाव व इजारा गाव

आता त्या उजाड गावांकडे वळू. ज्या गावात शेत वाहणाराच नाही तेथे नाव कोणाचे चढवावे? सरकारने १८६५ मध्ये पडीत जमिनीचे नियम केले. त्यांप्रमाणे उजाड गावे भांडवल असणाऱ्या माणसांस इजाऱ्याने दिली. त्यांनी बाहेरून कुळे आणावी, झाडी तोडवावी, गाव वसवावे व सारा क्रमाक्रमाने वाढता भरावा, असे ठरले. अशी गावे मुख्यत्वे वणी, म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यात होती. तेथे दप्तरी धनी म्हणून इजारदाराचे नाव लागले, आणि ज्यांनी प्रत्यक्ष झाडी तोडून जमीन वाहितीस आणली ते त्याची कुळे ठरले. जहागीर व पालमपट गावांतही मध्ये धनी होताच. १८९६ चा वऱ्हाड जमीन महसूल कायदा झाला, तरी खालसा गावच्या खातेदाराचे हक्क या कुळांस आले नाहीत. त्यांच्यासाठी निराळा कायदा व्हावयास १९२१ साल उजाडले.

इकडे प्रांताचे नाव व निशाण बदलत राहिले. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने निजामाने वऱ्हाड सालिना २५ लक्ष रुपयांवर इंग्रजांस कायम पट्ट्याने दिले आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. १९०५ मध्ये सहांचे चार जिल्हे झाले व वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ पडले. १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र स्वामित्व पुन्हा मान्य झाले. त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. ज्या कास्तकाराच्या जमिनीवरून हा किताब निघाला, त्याच्या खात्यात त्याने एका अक्षराचाही फेर पडला नाही.

खरा फेर स्वातंत्र्यानंतर पडला. मध्यप्रदेश सरकारने १९५० मध्ये मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला; ३१ मार्च १९५१ पासून त्याचा अंमल झाला. त्यात मालगुजारांबरोबर वऱ्हाडातील इजारदार व जहागीरदारही मधून गेले आणि कुळांचा संबंध ठरावीक अटींवर सरकाराशी जोडला गेला. नंतर १९५४ ची महसूल संहिता आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. १९५८ मध्ये विदर्भासाठी कूळकायदा झाला, आणि १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली.

७. तात्पर्य

या इतिहासावरून आम्ही इतकेच म्हणतो की प्रांताचे नाव, राजधानी व राजा यांपेक्षा कास्तकाराने एक गोष्ट पाहावी : खजिना व आपले शेत यांच्यामध्ये कोण उभा आहे, आणि तो कागदावर कोणत्या शब्दाने उभा आहे. दोअमलीत दोघे उभे होते, मक्त्यात बोली बोलणारा उभा होता, इजाऱ्यात गावचा धनी उभा होता. जेथे मोजणी होऊन वाहणाऱ्याचे नाव चढले तेथे जमीन सुधारली. जेथे ते चढले नाही तेथे श्रम एकाचे व नाव दुसऱ्याचे झाले.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी. आज सातबारा व आठ-अ संगणकावरून निघतो, त्यामुळे जुने कागद निरुपयोगी झाले असे समजू नये. आपले गाव पूर्वी खालसा होते, इजारा होते की जहागिरीचे, हे एकदा विचारून घ्यावे. विदर्भातील गावांसाठी १९५४-५५ च्या सुमाराचा अधिकार अभिलेख आहे. त्याची प्रमाणित नक्कल तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून काढून ठेवावी व त्यापुढील फेरफार क्रमाने लावावे. कागदावरील एखादा शब्द कळला नाही तर कारकुनास त्याचा अर्थ विचारावा, आणि ‘तसे आहे म्हणून तसे’ या उत्तरावर समाधान मानू नये.

आमचे उत्तर तयार झाले तोवर ते म्हातारबाबा निवर्तले होते. गेल्या पावसाळ्यापूर्वी आम्ही त्यांच्या गावी गेलो व त्यांच्या मुलास भेटलो. नाल्याच्या काठी बसून त्यास सांगितले की, “तुमच्या आजोबांच्या नावापुढे कूळ लिहिले आहे ते ते परक्याच्या शेतावर राबत होते म्हणून नव्हे. हे गाव मक्त्याच्या काळात उजाड झाले होते; पुढे ते इजाऱ्याने गेले व झाडी तोडण्यास माणसे आली. गावाचा कागद आधी धन्याच्या नावे झाला, म्हणून जमीन काढणाऱ्यांची नावे कुळांत पडली. नाल्यापलीकडचे गाव उजाड झाले नव्हते, एवढाच फरक.” त्याने ऐकून घेतले व घरातून तीच दोन पाने आणून आम्हांस दाखविली, बापाने ती जपून ठेवली होती. त्यांच्या पाठीवर हे सर्व लिहून द्यावे असे तो म्हणाला. आम्ही निराळ्या कागदावर लिहून दिले, कारण जुन्या नकलेवर आपले अक्षर उमटवू नये, ही दप्तरातील पहिली शिस्त आहे.